कानात दडे बसलेत? डॉक्टर आत्ताच शोधून ठेवा

नव्या शहरात आलो की आपण आधी मेस शोधतो, मग लायब्ररी, मग स्वस्तातला झेरॉक्सवाला. कान-नाक-घशाचा डॉक्टर मात्र दुखायला लागल्यावर शोधतो, तोही रात्री अकरा वाजता मोबाइलवर. हा क्रम जरा बदलायला हवा. का, ते वाचा.

समजा, सकाळी उठलात आणि डाव्या कानाने नीट ऐकूच येत नाहीये. दुखत नाही, पाणी येत नाही. फक्त कानात कापूस कोंबल्यासारखं वाटतंय आणि मागे कुठेतरी फॅन फिरत असल्यासारखा बारीक आवाज येतोय. काय कराल?

खरं सांगा. आधी दोन-चार जांभया देऊन बघाल. मग नाक दाबून हवा फुंकाल. रूममेट म्हणेल, ‘मळ असेल रे, ड्रॉप टाक.’ मेडिकलवाला ड्रॉप देईल, दोन दिवस त्यात जातील. मग घरी फोन. आई सांगेल, लसूण घालून तेल कोमट कर आणि दोन थेंब सोड. आणखी तीन दिवस. मधे सबमिशन, मग रविवार, मग ‘आता बरं वाटतंय बहुतेक’. डॉक्टरच्या दारात पोचेपर्यंत दहा-बारा दिवस सहज जातात.

बहुतेक वेळा यात काही बिघडत नाही, कारण खरंच मळ असतो किंवा सर्दी कानात उतरलेली असते. पण कधीतरी तो मळ नसतो. आणि मग हे वाया गेलेले दहा दिवस परत मिळत नाहीत.

मळ की नस?

आतल्या कानाला किंवा ऐकण्याच्या नसेला इजा होऊन एकाएकी ऐकू येणं कमी होतं, त्याला डॉक्टर ‘सडन सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस’ म्हणतात. हे ७२ तासांच्या आत, कित्येकदा तर झोपेतून उठल्या उठल्या लक्षात येतं. बहुतेकदा एकाच कानाला होतं. सोबत कानात आवाज येतो, काहींना गरगरतं. नेमकं कारण पुष्कळ वेळा सापडत नाही. यावर मुख्य उपचार स्टिरॉइडचा, आणि तो जितका लवकर सुरू होईल तितकी ऐकू परत येण्याची शक्यता जास्त. पहिले दोन आठवडे सगळ्यात महत्त्वाचे मानले जातात. काही जणांचं ऐकणं आपोआपही सुधारतं, पण ते कोणाचं सुधारणार हे आधी कळत नाही. म्हणून वाट बघायची नसते.

गायिका अलका याज्ञिक यांनी जून २०२४ मध्ये सोशल मीडियावर स्वतःच सांगितलं होतं की, विमानातून उतरल्यावर त्यांना अचानक ऐकू येईनासं झालं आणि तपासणीत व्हायरल हल्ल्यामुळे नसेचा बहिरेपणा निघाला. त्याच पोस्टमध्ये त्यांनी चाहत्यांना आणि तरुण सहकाऱ्यांना मोठ्या आवाजातल्या संगीताबद्दल आणि हेडफोनबद्दल सावध केलं होतं. ज्यांचं आयुष्य कानावर उभं आहे, त्यांच्या बाबतीतही हे न सांगता येतं.

घरी करता येण्याजोगी एक छोटी चाचणी आहे. ओठ मिटून ‘म्म्म’ असा आवाज काढा. तो बंद वाटणाऱ्या कानात जास्त घुमला, तर अडथळा बहुधा बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे, म्हणजे मळ किंवा सर्दीचं पाणी. तो चांगल्या कानात जास्त घुमला, तर नसेची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी ईएनटी गाठायचा. डॉक्टर हीच गोष्ट ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क कपाळावर टेकवून तपासतात. ‘म्म्म’ने निदान होत नाही. पण ‘परवा जाऊ’ म्हणायचं की ‘लेक्चर सोडून जाऊ’, एवढं ठरवायला त्याची मदत होते. काहीच कळलं नाही, तर लेक्चर सोडा.

पाटीवरची अक्षरं वाचा

आता डॉक्टर शोधायचा. आपल्याकडे स्पेशालिस्टकडे जायला कोणाची चिठ्ठी लागत नाही, थेट जाता येतं. सोय चांगली आहे, पण मग योग्य दार ओळखायची जबाबदारीही आपलीच. म्हणून पाटीवर नावापुढची अक्षरं वाचायला शिका.

एमबीबीएस म्हणजे साडेपाच वर्षांचं मूळ शिक्षण, इंटर्नशिप धरून. त्यानंतर तीन वर्षं फक्त कान-नाक-घशाचा अभ्यास केला की एमएस (ईएनटी). डीएनबी (ईएनटी) हीसुद्धा त्याच तोडीची पदव्युत्तर पदवी. डीएलओ म्हणजे याच विषयातला दोन वर्षांचा डिप्लोमा. यापैकी काहीही असेल तर तुम्ही योग्य दारात आहात.

एमएस (शालाक्यतंत्र) असं लिहिलेलं असेल, तर ते बीएएमएसनंतर आयुर्वेदात डोळे, कान, नाक, घसा यांचा अभ्यास केलेले वैद्य असतात. दोन्हीकडे ‘एमएस’ आणि ‘कान-नाक-घसा तज्ज्ञ’ दिसू शकतं, म्हणून कंसातला शब्द बघायचा. आयुर्वेदाकडे जायचं की नाही ही तुमची निवड. पण आपण कुठल्या दारातून आत जातोय, हे माहीत असलं पाहिजे. अचानक ऐकू येणं बंद झालं असेल, तर मात्र आधी ईएनटीच.

बीएएसएलपी किंवा ऑडिओलॉजिस्ट म्हणजे ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या तपासणीतले तज्ज्ञ. चार वर्षांचा कोर्स करून ते रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी करतात. तुमची ऑडिओमेट्री तेच करतील, पण औषध ते लिहून देत नाहीत. ‘मोफत श्रवण तपासणी’ असा बोर्ड लावलेली बरीच ठिकाणं मुळात हिअरिंग एडची दुकानं असतात. तिथे तपासणी होईलही, पण कानात डोकावून मळ आहे की पडद्याला भोक आहे हे बघायला डॉक्टर असेलच असं नाही. म्हणून आधी ईएनटी, मग मशिनचा विषय.

आणि स्टेशनबाहेर कानमैल काढणारे काका? पितळी कोरणी कितीही चकचकीत असली तरी नको. पडद्याला भोक पडायला एक धक्का पुरतो.

शोधायचा कुठे?

पहिली जागा, जी आपण सगळ्यात शेवटी आठवतो: सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय. पुण्यात स्टेशनजवळचं ससून. मुंबईत जे. जे., केईएम, सायन, नायर, कूपर. नागपुरात मेडिकल आणि मेयो, छत्रपती संभाजीनगरात घाटी, कोल्हापुरात सीपीआर. या सगळीकडे ईएनटी विभाग आहे. सकाळी लवकर जा, केस पेपर काढा, आणि रांगेसाठी सोबत पुस्तक ठेवा. वेळ जातो हे खरं. पण कान तपासणी आणि ऑडिओमेट्री एकाच आवारात होते, गरज पडली तर दुसऱ्या विभागाचे डॉक्टरही तिथेच भेटतात, आणि खर्च खासगीपेक्षा बराच कमी. गावी असाल, तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत.

दुसरी जागा: खासगी मेडिकल कॉलेजांची रुग्णालयं. पुण्यात धनकवडीला भारती, नऱ्ह्याला काशीबाई नवले, पिंपरीत डी. वाय. पाटील. तुमच्यातले बरेच जण याच भागांत राहतात आणि रोज बसमधून यांच्यासमोरून जातात.

तिसरी जागा: जवळचा जनरल प्रॅक्टिशनर. गल्लीतल्या डॉक्टरांना विचारा, ‘तुमच्या घरच्या माणसाचा कान दुखला, तर कुठे पाठवाल?’ हा प्रश्न ‘चांगला ईएनटी कोण?’ या प्रश्नापेक्षा जास्त खरं उत्तर काढून देतो. होस्टेलचे रेक्टर, मेसच्या मावशी आणि लहान मुलं असलेले घरमालक यांनाही विचारा. लहान मुलांचे कान सारखे दुखतात, त्यामुळे त्या आईबापांना आसपासचे ईएनटी पाठ असतात.

चौथी जागा मोबाइल. मॅपवर शोधलंत की पहिली एक-दोन नावं ‘स्पॉन्सर्ड’ असू शकतात, म्हणजे पैसे देऊन वर आलेली. स्टारवरून डॉक्टर कळत नाही. कमी स्टार देणारा बऱ्याचदा वेटिंगवर वैतागलेला असतो, आणि पाच स्टार देणारा रिसेप्शनवरच्या ताईंवर खूश असतो. रिव्ह्यू वाचायचेच असतील, तर ‘नीट समजावून सांगितलं’, ‘गरज नव्हती म्हणून तपासणी टाळली’ अशी वाक्यं शोधा.

नाव सापडलं की दोन मिनिटं पडताळणीला द्या. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर डॉक्टरचं नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून नोंदणी बघता येते. दवाखान्यात आणि प्रिस्क्रिप्शनवर नोंदणी क्रमांक दिसला पाहिजे, असं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेतच म्हटलंय. त्यामुळे तो बघण्यात उद्धटपणा काही नाही.

फोनवर विचारायचे चार प्रश्न

अपॉइंटमेंट घेताना लाजू नका. एक, ‘तपासणी फी किती, आणि पुन्हा दाखवायला आलो तर किती दिवसांपर्यंत परत फी लागत नाही?’ दोन, ‘ऑडिओमेट्री तुमच्याकडेच होते की बाहेर?’ तीन, ‘डॉक्टर रोज असतात की ठरावीक वारी?’ पुष्कळ ईएनटी दोन-तीन ठिकाणी बसतात. चार, ‘अचानक ऐकू येणं बंद झालंय, आज दाखवता येईल का?’ हे शेवटचं वाक्य, लागू असेल तर, असंच म्हणा. नुसतं ‘कान बंद झालाय’ म्हटलंत, तर गुरुवारची वेळ मिळेल.

साध्या मेडिक्लेममध्ये ओपीडीचा खर्च बहुधा बसत नाही, हे घरी आधी विचारून ठेवा. ऑपरेशनची वेळ आलीच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कान-नाक-घशाच्या काही शस्त्रक्रिया येतात. योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्रांकडे चौकशी करायची.

आत गेल्यावर

डॉक्टरसमोर बसलं की अर्ध्या गोष्टी आठवत नाहीत. म्हणून मोबाइलच्या नोट्समध्ये चार ओळी लिहून न्या: कधी सुरू झालं, कुठल्या बाजूला, आधी काय औषध घेतलं, कशाची ॲलर्जी आहे. मेडिकलमधून घेतलेल्या ड्रॉपचा फोटो दाखवा. तंबाखू, सिगारेट, व्हेप जे असेल ते स्पष्ट सांगा. डॉक्टर तुमच्या वडिलांना फोन लावणार नाहीत.

तपासणीला घाबरण्यासारखं फारसं काही नसतं. कान दिव्याने किंवा दुर्बिणीने बघतात. ऑडिओमेट्रीत आवाज न येणाऱ्या खोलीत हेडफोन लावून बसवतात, ‘टीं’ ऐकू आलं की बटण दाबायचं. नाकातून बारीक दुर्बीण घातली तर थोडं झोंबतं, डोळ्यांत पाणी येतं, आणि काही मिनिटांत संपतं.

बाहेर पडण्याआधी तीन गोष्टी विचारा. मला नक्की काय झालंय? हे औषध किती दिवस घ्यायचं? कुठलं लक्षण दिसलं तर लगेच परत यायचं? अँटिबायोटिक दिलं असेल तर कशासाठी, हेही विचारा. साधी सर्दी आणि बहुतेक घसादुखी व्हायरसमुळे होते, आणि अँटिबायोटिक व्हायरसवर चालत नाही.

‘नाकाचं हाड वाकडं आहे, ऑपरेशन करून टाकू’ असं पहिल्याच भेटीत ऐकलंत, तर फाइल घेऊन घरी या. नाकाचा पडदा थोडाफार वाकडा असणं अगदी कॉमन आहे. त्याचा त्रास होत असेल, औषधांनी कमी होत नसेल, तरच ऑपरेशनचा विचार होतो. दुसऱ्या ईएनटीचं मत घेणं हा तुमचा हक्क आहे, आणि चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

कधी थांबायचं, कधी पळायचं

साधी सर्दी, घसा खवखवणं, रात्रभर गप्पा मारून बसलेला आवाज: थोडे दिवस थांबा, वाफ घ्या, गुळण्या करा. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला, तर मात्र दाखवा. गुटखा-मावा खाणाऱ्यांनी तोंड पूर्ण उघडत नसेल किंवा तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, तर लगेच. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण टपरीवर काय मिळतं ते तुम्हाला माहीत आहेच.

कानातून पाणी किंवा पू येतोय, पावसाळ्यात कानात भयंकर खाज सुटलीय: एक-दोन दिवसांत ईएनटी. ती बुरशी असू शकते, आणि तिच्यावर तेल ओतलं की त्रास वाढतो.

नाक मोकळं करणारा स्प्रे पाच-सात दिवसांपेक्षा जास्त मारताय? नाक आता त्या स्प्रेमुळेच चोंदत असेल. स्वतःहून नवीन बाटली आणू नका, दाखवा.

घोळणा फुटला तर डोकं मागे टाकू नका आणि कांदा हुंगत बसू नका. बसा, थोडं पुढे झुका, नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं सलग दाबून धरा, तोंडाने श्वास घ्या. तरीही रक्त थांबलं नाही, तर रुग्णालय.

आणि वेळ न बघता, रात्री असली तरी कॅज्युअल्टी गाठायची अशा गोष्टी: अचानक ऐकू येईनासं होणं, घसा दुखून तोंड उघडेनासं होणं आणि थुंकीही न गिळता येणं, श्वास घेताना घरघर. चेहरा एका बाजूला वाकडा झाला, तरी तेच. त्यासोबत हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर थेट १०८.

इअरबड, दोन्ही अर्थांनी

कापसाचा इअरबड आधी टाकून द्या. कान स्वतः मळ बाहेर ढकलतो, आपण तो परत आत ठासतो. बाहेरून दिसेल तेवढं टॉवेलने पुसा, बस.

दुसरा इअरबड सुटणार नाही, तर त्याचा हिशेब ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार १२ ते ३५ वयोगटातल्या १०० कोटींहून जास्त तरुणांना मोठ्या आवाजात ऐकण्याच्या सवयीमुळे बहिरेपणाचा धोका आहे. सुरक्षित मर्यादा सांगितलीय ती अशी: ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास. आवाज ९० डेसिबलवर नेला, तर फक्त ४ तास. बसमध्ये बाहेरचा गोंगाट झाकायला आपण व्हॉल्यूम वाढवतो, तिथेच हिशेब बिघडतो.

ढोल पथकात असणाऱ्यांनी हे दोनदा वाचा. नदीपात्रातली प्रॅक्टिस संपल्यावर कानात ‘कूं’ वाजतं ना? ते कान थकल्याचं लक्षण आहे. मोठ्या आवाजाने होणारं नुकसान साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे उंच पट्टीत आधी होतं. त्यामुळे रोजच्या बोलण्यात सुरुवातीला काही जाणवत नाही, आणि जाणवतं तेव्हा ते भरून येत नाही. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात, ते लावले तरी ठेका ऐकू येतो. मधे मधे टोलापासून लांब जाऊन कानाला विश्रांती द्या. सीझन सुरू होण्याआधी एकदा ऑडिओमेट्री करून ठेवलीत, तर पुढच्या वर्षी तुलना करायला काहीतरी हातात असेल.

आज रात्रीचं काम

दहा मिनिटं काढा. खोलीपासून जवळचे दोन ईएनटी शोधा, डिग्री बघा, कौन्सिलच्या साइटवर नोंदणी बघा. एक नाव सकाळच्या वेळेचं घ्या, एक संध्याकाळच्या. तिसरं नाव चोवीस तास कॅज्युअल्टी असलेल्या जवळच्या मोठ्या रुग्णालयाचं. तिन्ही नंबर ‘ईएनटी’ असं लिहून सेव्ह करा आणि रूमच्या ग्रुपवर टाका. ग्रुपमधल्या कोणीतरी उद्या ‘यार, एक कान बंदच झालाय’ असा मेसेज टाकला, तर ‘मळ असेल’ असं उत्तर देण्याआधी त्याला ‘म्म्म’ करायला सांगा, आणि नंबर पाठवा.